निदान उशिरा झालं, तर जाब कुठे आणि कसा विचाराल?

"छातीत जळजळतंय म्हणून रात्री नेलं, ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं, सकाळी ॲटॅक आला." "पोटात दुखतंय तर सलाईन लावून ठेवलं. अपेंडिक्स आत फुटलं तेव्हा कुठे सर्जनला फोन केला." वाचकांच्या पत्रांत तपशील बदलतात, शेवटचा प्रश्न तोच असतो: हॉस्पिटलवर केस होते का? तोवर घरात दोन टोकांचे सल्ले येऊन गेलेले असतात. कुणी म्हणतं, डॉक्टरांविरुद्ध काही सिद्ध होत नाही, नाद सोडा. कुणी म्हणतं, आधी एफआयआर ठोका, मग बघू. पहिला सल्ला ऐकला की मुदत निघून जाते. दुसरा ऐकला की पोलीस ठाण्याच्या फेऱ्यांत वर्षं जातात आणि भरपाईचा अर्ज राहूनच जातो.

शस्त्रक्रियेनंतर पोटात राहिलेलं गॉज एक्स-रेत किंवा सोनोग्राफीत सापडतं. उशीर असा कशात सापडत नाही, तो कागदांवरून उभा करावा लागतो. म्हणून या लेखात कायद्याची कलमं कमी आणि घड्याळ व कागद जास्त आहेत.

आधी तपासा: हा निष्काळजीपणा आहे का?

निदान चुकलं किंवा लांबलं, एवढ्याने डॉक्टर दोषी ठरत नाहीत. सुरुवातीच्या काही तासांत आजार फसवतो, हे न्यायालयांना मान्य आहे. तुमचं प्रकरण पुढे नेण्याजोगं आहे का, हे या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर ठरतं:

१. आजार ओळखता येईल अशा खुणा कोणत्या तारखेला, किती वाजता डॉक्टरांसमोर होत्या?
२. त्या दिसल्यावर तेवढ्याच पात्रतेचा, सर्वसाधारण काळजी घेणारा डॉक्टर जे करतो ते झालं का? म्हणजे तपासणी, तज्ज्ञाला बोलावणं किंवा मोठ्या रुग्णालयात पाठवणं.
३. हे वेळेत झालं असतं, तर परिणाम वेगळा झाला असता का?

बहुतेक जण पहिल्या दोन प्रश्नांवर तावातावाने बोलतात आणि तिसऱ्यापाशी अडतात. मेंदूत गुठळी अडकून पक्षाघात झाला, तर ती विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. अशा रुग्णाला स्कॅनशिवाय सहा तास बसवून ठेवलं, तर उशिराने काय गेलं ते सांगता येतं. उलट काही कर्करोग सापडतात तेव्हाच पसरलेले असतात. तिथे रिपोर्टला दहा दिवस उशीर झाला हे खरं असलं, तरी त्या दहा दिवसांनी काय हिरावलं हे दाखवणं कठीण जातं.

छातीदुखीचंच घ्या. पहिला ईसीजी नॉर्मल येऊ शकतो, रक्तातलं ट्रोपोनिनही सुरुवातीला वाढलेलं नसू शकतं. तेव्हा ॲटॅक कळला नाही, यात डॉक्टरांचा दोष नाही. पण दुखणं थांबलं नव्हतं, ईसीजी पुन्हा काढला नाही, रक्त पुन्हा तपासलं नाही आणि तरी घरी पाठवलं, तर प्रश्न विचारायला जागा आहे.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवले की सीमारेषा कळते. भोपाळच्या एका खासगी रुग्णालयात डेंग्यूची रुग्ण सकाळी दाखल झाली आणि त्याच रात्री दगावली. मधल्या तासांत तिच्या रक्ताच्या घटकांवर हवी तशी नजर ठेवली गेली नाही, म्हणून २०१९ मध्ये न्यायालयाने १५ लाख रुपये भरपाई द्यायला लावली. मुंबईच्या बॉम्बे हॉस्पिटलच्या प्रकरणात मात्र रक्तवाहिन्यांच्या तपासणीचं यंत्र बंद होतं आणि शस्त्रक्रियागृह दुसऱ्या रुग्णासाठी वापरात होतं, म्हणून उशीर झाला होता. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने दिलेली भरपाई २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. यंत्र बिघडू शकतं, शस्त्रक्रियागृह रिकामं नसू शकतं, तेवढ्यावरून निष्काळजीपणा धरता येत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. मला हा निकाल रुग्णाच्या दृष्टीने जरा कठोर वाटतो, पण तक्रार लिहिताना तो समोर ठेवूनच लिहा. समोरचे वकील तो काढणारच आहेत.

रुग्ण दगावला असेल तर: अंत्यसंस्काराआधीचा एक निर्णय

घरातलं माणूस गेलेलं असताना शवविच्छेदनाचा विषय काढणं जड जातं, हे मान्य. पण मृत्यूचं कारणच वादात असेल तर नंतर दुसरा तितका पक्का पुरावा मिळत नाही. रुग्णालयाने लिहिलेलं कारण तुम्हाला पटत नसेल, तर जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या. पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, पंचनामा होतो आणि शवविच्छेदन सरकारी रुग्णालयात होतं. हा अर्ज म्हणजे डॉक्टरांवर गुन्हा नव्हे. हे काम नात्यातल्या एखाद्या थंड डोक्याच्या माणसावर सोपवा.

बिल बाकी आहे म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत २०२१ साली केलेल्या दुरुस्तीने हे स्पष्ट केलं आहे. रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणंही त्याच नियमांनी बंधनकारक आहे. ती दिसत नसेल तर भिंतीचा फोटो काढून ठेवा.

केसपेपर: ७२ तासांचा हक्क

डिस्चार्ज कार्ड म्हणजे केसपेपर नव्हेत. डिस्चार्ज कार्ड शेवटी बसून लिहिलेलं असतं आणि त्यात उशीर दिसत नाही. तुम्हाला हवे आहेत ते इनडोअर पेपर, म्हणजे दाखल असताना तासातासाला झालेल्या नोंदी. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागितल्यावर ७२ तासांत ते द्यावे लागतात. दाखल रुग्णाची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. रुग्णाला केसपेपरची प्रत नाकारता येणार नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितलं आहे. "कोर्टाची ऑर्डर आणा" किंवा "आधी बिल क्लिअर करा" अशी अट नियमात कुठेही नाही.

अर्ज रुग्णालयाच्या नावे, दोन प्रतींत करा. एका प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. पोच देत नसतील तर तोच अर्ज ईमेलने आणि स्पीड पोस्टाने पाठवा. अर्जात "सर्व कागदपत्रे" एवढंच लिहिलं तर निम्मे कागद मिळतात. नावं घालून मागा:

- कॅज्युअल्टी किंवा ओपीडीचा पहिला कागद
- डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी आणि राऊंडच्या वेळा
- सिस्टरांच्या नोंदी; ताप, नाडी, बीपीचा तक्ता; औषधांचा तक्ता
- सगळे लॅब रिपोर्ट, नमुना घेतल्याची आणि रिपोर्ट दिल्याची वेळ दिसेल असे
- एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी, एमआरआयच्या फिल्म किंवा सीडी
- बाहेरच्या तज्ज्ञाला बोलावल्याची नोंद, तो कधी आला ती वेळ
- संमतीपत्रं, रेफर केल्याची चिठ्ठी, डिस्चार्ज किंवा मृत्यूचा सारांश, तपशीलवार बिल

यातल्या सिस्टरांच्या नोंदींना माझ्या लेखी सर्वांत जास्त मोल आहे. "रुग्ण पोटात तीव्र दुखत असल्याची तक्रार करतो, डॉक्टरांना फोनवर कळवले, रात्री ११.४०" अशी एखादी ओळ तुमचं निम्मं काम करते. रिपोर्टवरच्या वेळाही तशाच. रिपोर्ट सकाळी ११ ला तयार झाला आणि त्यावर उपचार संध्याकाळी ६ ला सुरू झाले, हे कागदावर दिसलं की त्याला तज्ज्ञाची गरज फारशी उरत नाही. रुग्णालयातल्या मेडिकल स्टोअरच्या बिलांवरही अनेकदा वेळ छापलेली असते. ती फेकू नका आणि झेरॉक्स आजच काढा, कारण त्या पातळ कागदावरची शाई उडते.

कॅज्युअल्टीत किती वेळ बसवून ठेवलं हा वादाचा मुद्दा असेल, तर सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवावं असा वेगळा अर्ज त्याच दिवशी द्या. ते काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. सरकारी रुग्णालय असेल तर माहिती अधिकाराचाही अर्ज टाका. त्याला ३० दिवसांची मुदत असते.

आता वेळापत्रक मांडा

वकिलाकडे जाण्याआधी हे घरी करा. आठवण ताजी असताना, रुग्णाजवळ जे जे होते त्या सगळ्यांना बसवून. उदाहरणादाखल, छातीदुखीच्या एका रुग्णाचं असं दिसेल:

- रात्री १.१०: छातीत जळजळ, डाव्या हाताला मुंग्या, घाम. (सांगणार: पत्नी)
- १.४०: कॅज्युअल्टीत पोहोचलो. (पुरावा: केसपेपरची नोंद, रिक्षाचं ऑनलाइन पेमेंट)
- १.५५: ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी तपासलं. घाम आल्याचं सांगितलं, कागदावर ते नाही. (सांगणार: मुलगा)
- २.१०: ॲसिडिटीचं इंजेक्शन. (पुरावा: मेडिकलचं बिल) ईसीजी काढला नाही.
- २.४५: दुखणं कमी नाही असं सिस्टरला सांगितलं. (पुरावा: भावाला त्याच वेळी पाठवलेला व्हॉट्सॲप मेसेज)
- ३.००: घरी पाठवलं.
- ६.२०: घरात कोसळले.

प्रत्येक ओळीपुढे पुरावा किंवा सांगणाऱ्याचं नाव हवं. जिथे दोन्ही नाही, ती ओळ तशीच ठेवा, पण तिच्यावर मदार ठेवू नका. कागद आणि तुमची आठवण जुळत नसतील तर आठवण बदलू नका. विसंगती आहे तशी नोंदवा. फोनचा कॉल लॉग, मेसेज काही पुसू नका, फोन बदलायचा असला तरी जुना ठेवून द्या.

आपल्याकडून झालेला उशीरही यात लिहा. दोन दिवस घरीच काढा पाजला, सांगितलेली सोनोग्राफी खर्चापायी पुढे ढकलली, तर ते समोरचे सांगणारच आहेत. वकिलाला ते आधी तुमच्याकडून कळू द्या.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत

कागद आणि वेळापत्रक घेऊन त्याच विषयातल्या, शक्यतो दुसऱ्या शहरातल्या तज्ज्ञाकडे जा. "त्यांचं चुकलं का?" असं विचारलंत तर उत्तर मिळणार नाही, कारण एका डॉक्टरने दुसऱ्याविरुद्ध लिहून देणं आपल्याकडे दुर्मीळ आहे. "अशी लक्षणं असताना तुम्ही कोणत्या तपासण्या, किती वेळात केल्या असत्या?" असं विचारा. याचं उत्तर बरेच जण मोकळेपणाने देतात.

लेखी मत मिळालंच नाही तर दार बंद होत नाही. हैदराबादच्या एका रुग्णालयात थंडीताप असलेल्या महिलेवर टायफॉइडचे उपचार चालू राहिले, आजार मलेरिया होता. (नवरा मलेरिया विभागातच अधिकारी होता!) जिल्हा ग्राहक मंचाने २ लाख रुपये भरपाई दिली, राज्य आयोगाने तज्ज्ञाचं मत नाही म्हणून ती काढून घेतली. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ती पुन्हा मंजूर केली आणि प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही, हे स्पष्ट केलं. व्ही. किशनराव विरुद्ध निखिल सुपर स्पेशालिटी हॉस्पिटल हे नाव टिपून वकिलाला द्या. प्रकरण गुंतागुंतीचं असेल तर ग्राहक आयोगाकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं मत मागवण्याची विनंतीही करता येते.

कुठे जायचं?

कुठलाही अर्ज करण्याआधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी आणि रुग्णालयाच्या अधीक्षकांशी एक भेट मागा. कित्येक घरांना पैसे नको असतात, "नेमकं काय झालं" एवढंच कुणीतरी बसून सांगायला हवं असतं. भेटीनंतर त्याच दिवशी काय बोलणं झालं ते ईमेल करा. भेटीने समाधान झालं नाही, तर तुम्हाला नेमकं काय हवंय त्यावर पुढचा रस्ता ठरतो.

भरपाई हवी असेल: ग्राहक आयोग. पैसे देऊन घेतलेले उपचार १९९५ पासून ग्राहक कायद्यात येतात. मेडिक्लेमने किंवा कंपनीने बिल भरलं तरीही, आणि कामगार विमा योजनेच्या रुग्णालयातले उपचारही. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. रुग्णालय पुण्यात आणि तुम्ही लातूरला असाल, तर लातूरला.

इथे एक गोंधळ हमखास होतो. कोणत्या आयोगाकडे जायचं हे मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, तुम्ही मोजलेल्या पैशांवर ठरतं. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग. बिल ३ लाखांचं असेल आणि भरपाई ६० लाख मागायची असेल, तरी जिल्हा आयोगच. बिल ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. अर्ज ई-जागृती पोर्टलवरून करता येतो, वकील सक्तीचा नाही आणि चौकशीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

डॉक्टरांवर व्यावसायिक कारवाई हवी असेल: महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल. समज देण्यापासून नोंदणी ठरावीक काळ किंवा कायमची काढून घेण्यापर्यंत कौन्सिलचे अधिकार आहेत. भरपाई इथे मिळत नाही. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी वेगळ्या परिषदा आहेत, तेव्हा आधी पदवी पाहा. हा अर्ज आणि ग्राहक आयोगातली तक्रार एकाच वेळी चालू शकतात.

गुन्हा दाखल करायचा असेल: पोलीस. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार उपचार करताना डॉक्टरांच्या निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या निकालानुसार फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा अत्यंत ढळढळीत असावा लागतो, आणि पोलिसांनी आधी शक्यतो सरकारी डॉक्टरांचं निष्पक्ष मत घ्यावं लागतं. उशिराच्या निदानात ही पातळी क्वचितच गाठली जाते. रागाच्या भरात पहिली पायरी म्हणून हा रस्ता घेऊ नका.

सरकारी रुग्णालय असेल तर वाट वेगळी आहे. जिथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात तिथे ग्राहक आयोग चालत नाही, पाच-दहा रुपयांच्या केसपेपरने काही बदलत नाही. दिवाणी दावा करता येतो. त्याआधी शासनाला दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. राज्य मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एका वर्षात जाता येतं. सरकारी रुग्णालय आहे म्हणून काही होत नाही, हा समज मात्र काढून टाका. १९९६ मध्ये चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात मुदतीच्या बऱ्याच आधी जन्मलेल्या मुलीच्या डोळ्यांची वेळेत तपासणी झाली नाही आणि तिची दृष्टी गेली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे १ कोटी ८० लाख रुपये मंजूर केले. अशा बाळांचे डोळे काही आठवड्यांत तपासावेच लागतात, ते झालं नाही, एवढं वेळापत्रक त्या घराने दाखवून दिलं होतं. (लागलेली १९ वर्षं वेगळी.)

दोन वर्षं, पण कधीपासून?

ग्राहक आयोगात तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांत जावं लागतं. निदान उशिरा झालं असेल तर खरा आजार कळला तो दिवस धरता येतो, असं लोक मानतात. ते अर्धंच खरं आहे. मुंबईत पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या गोव्यातल्या एका परिचारिकेच्या पोटात गॉज राहिलं होतं, ते ९ वर्षांनी निघालं. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तिची तक्रार मुदतबाह्य ठरवली. इतकी वर्षं दुखत असताना, त्यातही स्वतः वैद्यकीय क्षेत्रात असताना, तिने आधीच तपासून घ्यायला हवं होतं, असं कारण दिलं. म्हणून शंका आली त्या दिवसापासूनच मोजा. कौन्सिलमधला अर्ज किंवा पोलीस तपास चालू आहे म्हणून हे घड्याळ थांबत नाही. उशीर झालाच असेल तर सबळ कारण देऊन माफीचा अर्ज करता येतो, पण तो मंजूर होईलच असं धरू नका.

इथे पाय घसरतो

- समझोत्याचा कागद. "बिलात तीस हजार कमी करतो, इथे सही करा." त्या कागदावर बहुधा "आमची काही तक्रार नाही" असं लिहिलेलं असतं. वाचल्याशिवाय सही नको.
- डामा. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध रुग्णाला हलवत असल्याची ती सही. निदान होत नाही म्हणून तुम्ही हलवत असाल, तर सहीच्या वर तेच कारण स्वतःच्या अक्षरात लिहा.
- तोडफोड, धक्काबुक्की. महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्यानुसार हा अजामीनपात्र गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि नुकसानीच्या दुप्पट रक्कम भरावी लागते. त्यानंतर तुमची मूळ तक्रार कुणी ऐकत नाही.
- सगळ्यांनाच प्रतिवादी करणं. आरएमओपासून सिस्टरपर्यंत दहा नावं घालू नका. रुग्णालयाला मुख्य पक्ष करा. प्रत्येक डॉक्टरचं नाव नाही म्हणून तक्रार फेटाळता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सांगितलं आहे.
- फेसबुकवर डॉक्टरचं नाव घालून लिहिणं. बदनामीचा दावा येतो, आणि तिथे लिहिलेलं वाक्य आयोगात तुमच्याविरुद्ध वाचून दाखवलं जातं.

तक्रारीनंतर

मागणी हिशोबात मांडा: उपचारांचा खर्च, बुडालेली कमाई, पुढे लागणारा खर्च, शारीरिक-मानसिक त्रास. पहिल्या तिन्हींना कागद जोडा. रुग्णालयाला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. निकाल तीन महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वर्षं लागतात, त्या तयारीने जा. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही, क्रमांक १५१००.

जिल्हा आयोगाचा निकाल विरुद्ध गेला तर आदेशाच्या तारखेपासून ४५ दिवसांत राज्य आयोगात अपील करता येतं. रुग्णालयाला अपील करायचं असेल, तर भरपाईची निम्मी रक्कम आधी जमा करावी लागते.